खोली नाकारणारा ठराव



गेल्या महिन्यात लोट्याजवळच्या एका गावच्या बौद्धवाडीतील चार तरुण खेडला माझ्याकडे एक कागद घेऊन आले. ग्रामसभेपुढे मांडावयाच्या ठरावाचा तो मसुदा होता. तो कायद्याच्या भाषेत नीट बसवून द्यावा, एवढीच त्यांची मागणी होती. ठरावात तीन गोष्टी होत्या. गावातील कोणीही परप्रांतीय कामगारास खोली भाड्याने देऊ नये. जो देईल त्याला ग्रामपंचायतीने कोणताही दाखला देऊ नये. आणि परप्रांतीयांची नावे गावच्या मतदारयादीत शिरणार नाहीत अशी दक्षता घ्यावी.

मी मसुदा लिहून देण्याचे नाकारले. तासभर वाद झाला. तरुण नाराज होऊन गेले आणि कागद माझ्या टेबलावरच राहिला. त्या तासात जे मला नीट सांगता आले नाही ते येथे लिहीत आहे. त्या चौघांसारखा विचार करणारी माणसे तुमच्याही घरात आहेत, हे मी जाणतो. ती वाईट माणसे नाहीत, हेही जाणतो.

प्रथम त्यांची बाजू ऐकली पाहिजे. परशुराम घाटाच्या उत्तरेस, मुंबई-गोवा महामार्गालगत लोट्याची औद्योगिक वसाहत आहे. कारखाने मुख्यतः रसायनांचे. महामंडळाने जमिनी घेतल्या तेव्हा भोवतालच्या गावांना घरटी नोकरीची आशा वाटली. पुढे सांडपाणी दाभोळच्या खाडीपर्यंत पोहोचले, आणि मासे गेले म्हणून खाडीकाठचे भोई बांधव वर्षानुवर्षे तक्रारी करीत राहिले. कायमच्या नोकऱ्या थोड्या आणि ठेकेदाराच्या हाताखालची कामे पुष्कळ, असे रूप आले. त्या कामांवर आज उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशा येथील माणसे दिसतात. चौघांपैकी आय.टी.आय. झालेला तरुण मला म्हणाला, ‘वकीलसाहेब, जमीन आमची गेली, वास आमच्या नाकात जातो, आणि पगार मात्र त्यांच्या खिशात.’

ह्या तक्रारीचे पहिले दोन भाग अक्षरशः खरे आहेत. तिसरा तपासून पाहू. परप्रांतीय कामगाराच्या खिशात जाते ते किती? तो बारा बारा तास काम करतो, कारण आठ तासांनी घरी जाण्यास त्याला घर नाही. ठेकेदाराविरुद्ध तो तक्रार करीत नाही, कारण येथे त्याला ओळखणारा कोणी नाही, त्याच्यासाठी उभा राहणारा पुढारी नाही आणि त्याचे मत कोणाला नको आहे. म्हणून तो स्वस्त आहे. तुमच्या मुलापेक्षा तो अधिक कुशल आहे म्हणून ठेकेदार त्याला घेत नाही. तो अधिक हक्कशून्य आहे म्हणून घेतो. आता तुमचा ठराव संमत झाला असे समजा. त्याला गावात खोली मिळाली नाही म्हणून तो जौनपूरला परत जाईल काय? ठेकेदार त्याला कारखान्याच्या कुंपणालगत पत्र्याच्या छपराखाली ठेवील, त्याचे भाडे पगारातून कापील, आणि तो कालच्याहून अधिक स्वस्त होईल. ज्या पायरीवरून तो तुमच्या मुलाची मजुरी पाडतो आहे, त्याच्याही खालच्या पायरीवर तुम्ही त्याला ढकलणार, आणि तरीही मजुरी वाढेल अशी आशा धरणार!

परंतु माझा मुख्य आक्षेप मजुरीच्या हिशेबापुरता नाही.

आपण रत्नागिरी जिल्ह्यातील माणसे. परक्या गावी खोली मिळणे म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणास ठाऊक असेल? माझे आजोबा दाभोळहून बोटीने मुंबईस गेले आणि परळच्या एका गिरणीत लागले. गावकऱ्यांच्या एका खोलीत त्यांचे वळकटीपुरते बिऱ्हाड होते. दिवसपाळीची माणसे उठून गेली की त्याच जागी रात्रपाळीची आडवी होत. लोट्यातील ज्या खोल्यांविषयी ‘एकेका खोलीत आठ आठ जण कोंबलेले असतात’ असे आपण नाक मुरडून बोलतो, त्या खोल्या माझ्या आजोबांना मुळीच अपरिचित वाटल्या नसत्या. त्यातही फरक असा की, इतर कोकणी चाकरमान्यास मुंबईत गाव सोडल्याचेच दुःख होते. आपल्या माणसाबरोबर गाव तेथेही येऊन पोहोचले होते. गिरणीच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारास प्रवेश नव्हता, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्यामुळे म्हणे इतरांना विटाळ होई. अधिक पगाराचे ते खाते आपल्यासाठी बंद ठेवणारे नुसते मालक नव्हते. शेजारच्या साच्यावरचे कामगारही होते. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघडपणे पुढे आणला.

आणि बडोदे आठवा. १९१७ साली परदेशातून विद्या संपादन करून आलेला, संस्थानच्या नोकरीत रुजू झालेला तो तरुण पारशी धर्मशाळेतून काठ्या घेतलेल्या माणसांनी बाहेर काढला. दोन मित्रांकडे त्याने आसरा मागितला. दोघांनीही सबबी सांगितल्या. पाच तास बागेत बसून काढल्यावर त्याने मुंबईची गाडी धरली. ज्या आठवणींत ही हकीकत आली आहे, त्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ह्या नावाने प्रसिद्ध झाल्या आहेत. व्हिसा म्हणजे परक्या देशात शिरण्याचा परवाना. स्वतःच्याच देशात एका खोलीसाठी परवान्याची वाट पाहावी लागलेल्या माणसाची तसबीर भिंतीवर लावून, त्याच भिंतीच्या घरात दुसऱ्यास खोली नाकारण्याचा ठराव आपण लिहावयाचा काय?

‘आम्ही जातीवरून नाकारीत नाही, ते बाहेरचे म्हणून नाकारतो,’ असे चौघांपैकी एकाने मला सांगितले. ह्याचे उत्तर शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही. लोट्याहून निघून, खेड ओलांडून, कशेडी घाटापलीकडे महाड आहे. १९२७ पूर्वी चवदार तळ्यावर कोण पाणी भरीत असे? स्पृश्य हिंदू भरीत, मुसलमान भरीत, कामानिमित्त बाजारात आलेला परगावचा मनुष्यही भरीत असे. ज्यांच्या पिढ्या त्या मातीत राबल्या आणि पुरल्या गेल्या, त्या महाडच्या अस्पृश्यांना मात्र बंदी होती. आपण तर अस्सल भूमिपुत्र होतो. त्या भूमिपुत्रत्वाने आपल्याला ओंजळभर पाणी दिले नाही. पुढे खटला झाला तेव्हा प्रतिपक्षाचा सारा भार ‘अनादि वहिवाटी’वर होता: येथे पूर्वापार असेच चालत आले आहे, हे तळे आमचे आहे. ती वहिवाट सिद्ध होत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ साली दिला. वकिलीच्या धंद्यात मी वहिवाटीचे दावे पुष्कळ पाहिले. ‘आम्ही येथे आधीपासून आहोत’ हे वाक्य शेताच्या बांधाला लागू पडते. माणसाच्या हक्कांना ते लावले की, त्या वाक्याचा उपयोग अखेर आपल्याविरुद्धच होतो, कारण गावात ‘आधीपासून’ म्हणजे कोण हे ठरविण्याचे काम आपल्या हाती कधीच नव्हते.

येथे एका गोष्टीची प्रामाणिकपणे नोंद केली पाहिजे. त्या तरुणांना ती ठाऊक नव्हती. ठाऊक असती तर त्यांनी ती माझ्या अंगावर फेकली असती. ३० नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत सरकारी नोकऱ्यांसाठी वास्तव्याची अट असावी की नाही ह्यावर चर्चा झाली, तेव्हा स्वतः बाबासाहेबांनी काही मर्यादा आवश्यक असल्याचे मान्य केले. ज्यांची त्या प्रांतात मुळे नाहीत अशा प्रवासी पक्ष्यांनी यावे, चांगल्या जागा टिपाव्यात आणि उडून जावे, हे इष्ट नाही, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे होते. अनुच्छेद १६ च्या तिसऱ्या खंडात ही मर्यादा आली. पण ती कशी आली ते पाहा. ती फक्त शासनाच्या नोकऱ्यांपुरती आहे, आणि तीसुद्धा संसदेनेच कायदा करून घालावयाची आहे. प्रत्येक प्रांताने आपापली वेस बांधू नये म्हणून ही चावी प्रांतांकडे दिलेली नाही. १९५७ साली संसदेने तसा कायदा केला. त्याच्या आधारे तेलंगणात घातलेली वास्तव्याची अट १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविली. हरियाणाने खाजगी कारखान्यांतील मासिक ३०,००० रुपयांपर्यंतच्या ७५ टक्के जागा स्थानिकांसाठी राखणारा कायदा केला, तो तेथील उच्च न्यायालयाने १७ नोव्हेंबर २०२३ रोजी घटनाबाह्य ठरविला. स्थानिकांना शिक्षण द्या, कौशल्य द्या, जमीन गेलेल्यांना दिलेली वचने पाळा, ह्या मागण्या न्याय्य आहेत आणि त्यांसाठी मी तुमचे वकीलपत्र विनामूल्य घेईन. परंतु खोली, दाखला आणि मत ह्या गोष्टी ‘चांगल्या जागा’ नव्हेत. आणि रसायनांची पोती पाठीवरून वाहणारा हमाल हा चांगली जागा टिपून उडणारा पक्षी नव्हे.

आता तिसऱ्या कलमाकडे, म्हणजे मतदारयादीकडे येतो. मला भीती वाटली ती ह्याच कलमाची.

पाहुण्या मजुराविषयीचा राग आणि लोकशाहीविषयीची आस्था ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अशी आपली समजूत असते. परप्रांतीय नको म्हटल्याने मी लोकशाहीचा शत्रू थोडाच होतो, असे कोणीही विचारील. अमेरिकेत स्टीव्हन मिलर आणि निकोलस डेव्हिस ह्या दोन राज्यशास्त्रज्ञांनी नेमका हाच प्रश्न तपासला. जगभर घेतल्या जाणाऱ्या एका मूल्यविषयक पाहणीत लोकांना विचारतात, ‘शेजारी म्हणून तुम्हाला कोण नको?’ आणि पुढे त्याच लोकांना विचारतात, संसद व निवडणुका ह्यांची पर्वा न करणारा बलवान पुढारी असावा काय? लष्कराने राज्य करावे काय? १९९५ ते २०११ ह्या काळातील गोऱ्या अमेरिकनांची उत्तरे ह्या दोघांनी पडताळली. ज्यांना बाहेरदेशातून आलेला, अन्य वंशाचा किंवा अन्य भाषेचा शेजारी नको होता, त्यांच्यातच बलवान पुढाऱ्याविषयी व लष्करी राजवटीविषयी अधिक अनुकूलता आढळली. अमेरिकेचे गोरे आणि लोट्याचे गावकरी एक नव्हेत, हे मला समजते. पण तो प्रश्न पुन्हा वाचा. ‘शेजारी म्हणून तुम्हाला कोण नको?’ आपल्या वाड्या गावाच्या कडेला कशा गेल्या ते सांगण्यास ह्याहून दुसरा प्रश्न लागत नाही.

असे का होत असावे? माझी समजूत अशी आहे. ‘काहींना हक्क असावेत, काहींना नसावेत’ असे एकदा मनाने घेतले की सर्वांना समान मोजणारी प्रत्येक संस्था अडचणीची वाटू लागते. मतपेटी अडचणीची, कारण तिच्यात हमालाचे मत आणि खोताचे मत सारखेच पडते. न्यायालय अडचणीचे, कारण ते कागद मागते. मग ह्या अडचणी झुगारून ‘त्यांना’ हाकलून देईल असा मनुष्य हवासा वाटतो. २०१७ च्या प्यू संस्थेच्या पाहणीत भारतातील ५५ टक्के लोकांनी संसद व न्यायालये ह्यांच्या हस्तक्षेपावाचून निर्णय घेणारा बलवान पुढारी चांगला, असे सांगितले होते. त्यांत आपलीही माणसे असतील. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी राजकारणातील विभूतिपूजेविषयी जो इशारा दिला, तो आपण दर वर्षी संविधान दिनाला ऐकतो, टाळ्या वाजवितो आणि घरी जातो.

हे केवळ परदेशचे शास्त्र नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील शिंगणापूर ग्रामपंचायतीचा एक ठराव २०२४ साली सर्वत्र गाजला. अल्पसंख्याकांची नवी नावे मतदारयादीत घेऊ नयेत, असा तो ठराव. ओरड झाल्यावर माफी मागण्यात आली आणि आपला रोख बाहेरदेशातून घुसलेल्यांवर होता, असा खुलासा करण्यात आला. उच्चार बाहेरच्यांचा होता आणि कागदावर नाव आले ते शेजाऱ्याचे. तुमच्या मसुद्यात आज ‘परप्रांतीय’ आहे. दहा वर्षांनी त्या जागी कोणता शब्द येईल, हे तुम्ही ठरविणार आहात काय?

कायद्याचे विचाराल तर, मतदारयादीत कोण असावे हे ठरविण्याचा अधिकार ग्रामसभेला नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे अठरा वर्षे पूर्ण झालेला आणि त्या मतदारसंघात सामान्यतः राहणारा नागरिक तेथील मतदार होतो. त्याच कायद्याचे कलम २० असे सांगते की, केवळ घर मालकीचे आहे एवढ्यावरून मनुष्य तेथील सामान्य रहिवासी ठरत नाही. हे वाक्य मी तरुणांना वाचून दाखविले तेव्हा ते गप्प झाले. कारण गावात कुलूप लावलेले घर आणि मुंबईत सारा संसार अशी आपली कितीतरी माणसे निवडणुकीला गाड्या भरून गावी येतात व मत देऊन जातात. काटेकोर तराजू लावला तर बारा महिने लोट्यात राहणाऱ्या बिहारी कामगाराचा दावा आपल्या चाकरमानी काकांपेक्षा भक्कम ठरतो! मी कोणाचे नाव काढा असे म्हणत नाही. तराजू हाती घेण्यापूर्वी आपले वजन पाहून घ्यावे, एवढेच. तिकडे २०२५ मध्ये बिहारच्या याद्यांचे पुनरीक्षण झाले तेव्हा प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे गळाली, आणि त्यांत कायमचे बाहेर गेलेले किंवा पत्त्यावर न सापडलेले असे शेरे पडलेली नावे निम्म्याहून अधिक होती. गावाने काढले आणि लोट्याने घेतले नाही, तर ह्या मनुष्याचे मत कोठे राहिले? प्रजासत्ताकात मत नसलेला मजूर म्हणजे काय, हे ज्यांनी मताधिकारासाठी १९१९ पासून साऊथबरो समितीपुढे भांडण मांडले त्यांच्या अनुयायांस मी काय सांगावे?

२०२० चा उन्हाळाही आठवा. टाळेबंदीत मुंबईहून चाकरमानी गावाकडे निघाले तेव्हा कोकणातील कितीतरी गावांनी वेशीवर अडथळे उभारले. रोगाची भीती खरी होती. पण ज्यांच्या मनिऑर्डरींवर घरे उभी राहिली, त्या पोटच्या मुलांना ‘मुंबईकर’ म्हणून शाळेच्या पडवीत निजावे लागले. ‘बाहेरचा’ ही पाटी किती दिवसांत कोणाच्या गळ्यात पडते, ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे.

ठरावाच्या प्रकरणानंतर एका रविवारी मी त्या वाडीत गेलो. ज्या खोल्यांविषयी वाद होता त्यांपैकी एकीत आझमगड जिल्ह्यातील सहा कामगार राहतात. भिंतीवर खिळ्याला टांगलेल्या पिशवीशेजारी बाबासाहेबांचे चित्र होते. त्यांतील दोघे तिकडे ज्यांना चमार म्हणतात त्या जातीचे. त्यांच्यापैकी एकाने मुलाच्या शिक्षणासाठी येथे जातीचा दाखला मिळेल काय, असे विचारले. मला नाही म्हणावे लागले. एका राज्यातील अनुसूचित जातीचा दर्जा मनुष्य दुसऱ्या राज्यात गेला म्हणून आपोआप त्याच्याबरोबर जात नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९० चा निर्णय आहे. अवहेलना सीमा ओलांडून बरोबर येते, सवलत मात्र सीमेवर थांबते. ही हकीकत सांगताना मला थोडा संकोच वाटतो. ते ‘आपले’ निघाले म्हणून त्यांचा खोलीवरचा हक्क वाढत नाही; त्याच ओळीतील दुसऱ्या खोलीत ओडिशाचे कामगार आहेत, त्यांच्या भिंतीवर जगन्नाथ आहे, आणि त्यांचा हक्क तसूभरही कमी नाही. रत्नागिरीच्या आंबाबागा राखणाऱ्या आणि मच्छीमारी बोटींवर जाळी ओढणाऱ्या नेपाळी माणसालाही, तो नागरिक नसला तरी, कायद्यापुढील समानता आणि जीविताचे संरक्षण लागू आहे. अनुच्छेद १४ आणि २१ ‘व्यक्ती’ म्हणतात.

२२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्यास वकिलांपुढे बोलताना बाबासाहेबांनी लोकशाही यशस्वी होण्यास काय काय लागते ते सांगितले. त्यांत त्यांनी सार्वजनिक सदसद्विवेकबुद्धीचा उल्लेख केला: अन्याय कोणावरही होवो, तो पाहून जी अस्वस्थ होते ती. उदाहरण त्यांनी दक्षिण आफ्रिकेचे दिले. तेथे अन्याय होत होता तो हिंदुस्थानातून जाऊन वसलेल्या लोकांवर, आणि त्यांच्या बाजूने लढत होते रेव्हरंड स्कॉट हे गोरे गृहस्थ. म्हणजे लोकशाहीच्या ह्या कसोटीला त्यांनी निवडला तो परदेशी गेलेल्या स्थलांतरितांचाच प्रश्न. खेड-चिपळूणच्या गावांतून आजही घरटी माणसे आखातात आहेत. तेथे त्यांची बाजू घेणारा एखादा स्कॉट असावा, असे त्यांच्या आयांना वाटत नसेल काय?

टेबलावर राहिलेल्या त्या कागदाच्या पाठीमागे मी दुसरा मसुदा लिहिला आहे. गावातील प्रत्येक भाडेकरूची नोंद व भाड्याची पावती असावी. औद्योगिक वसाहतीतील ठेकेदारांची हजेरीपत्रके व वेतनपत्रके कामगार खात्याकडून मागवून ग्रामसभेपुढे ठेवावीत, आणि एकाच कामास स्थानिक व परप्रांतीय दोघांनाही एकच मजुरी मिळते की नाही ते पाहावे. जमिनी गेलेल्या कुटुंबांची यादी करून, दिलेली आणि न दिलेली नोकरी प्रत्येक नावापुढे लिहावी. पत्र्याच्या छपराखाली माणसे ठेवणाऱ्या ठेकेदारावर कारवाईची मागणी करावी. हा कागद मी त्या चौघांकडे पाठविला. दोघांनी उत्तर दिले नाही. आय.टी.आय. झालेला तरुण गेल्या सोमवारी येऊन गेला. पहिले कलम त्याला पसंत नाही. वेतनपत्रके मागविण्याचा अर्ज कसा करावयाचा, ते मात्र त्याने लिहून नेले. ग्रामसभा १५ ऑगस्टला आहे.